आरशांतील वखार

गेल्या महिन्याच्या टपालांत आमच्या एका जुन्या वाचकांचें पत्र आलें आहे. पत्र लांबलचक असून त्यांतील बराच भाग घरगुती आहे; परंतु त्यांत विचारलेला प्रश्न केवळ त्यांच्याच घरचा नाहीं, म्हणून त्यांची अनुमति घेऊन व नांवगांव गाळून तो आम्ही आज या सदरांत घेत आहों.

पत्रलेखकांच्या घरीं तीन पिढ्यांपासून लोणचीं व मसाले तयार करून विकण्याचा व्यवसाय आहे. कुटुंब एकत्र, स्वयंपाकघर एक, वखार एक आणि तिजोरीहि एकच. मालाची खरेदी आजवर त्यांच्या वडील बंधूंकडे आहे. पत्रलेखक त्यांस दादा म्हणतात. घरांतील मुलें काका म्हणतात, म्हणून आम्हीहि काकाच म्हणूं. काकांचें वय ७४ वर्षांचें. कोणत्या गांवची कैरी कोणत्या आठवड्यांत उतरते, कोणता मिरचीचा व्यापारी उधारीवर माल देतो व कोणता देत नाहीं, बाटल्यांचा कारखाना केव्हां दुरुस्तीसाठीं बंद असतो, हें सर्व काकांस मुखोद्गत. त्याची वही नाहीं. "माझें डोकें हीच वही," असें ते म्हणत, आणि चाळीस वर्षें तें खरेंहि ठरलें.

गेल्या वैशाखांत काका आजारी पडून पंधरा दिवस इस्पितळांत राहिले. घरीं कैरी आली होती, मीठ होतें, मोहरी होती, तेलाचे डबे रचलेले होते, बाटल्याहि होत्या. नव्हतीं तीं बाटल्यांचीं झाकणें. झाकणांची मागणी काका दरवर्षीं चैत्राच्या अखेरीस दूरध्वनीवरून देत. ती या खेपेस राहून गेली, आणि ती द्यावयाची असते हें दुसऱ्या कोणास ठाऊकच नव्हतें. झाकणें नाहींत म्हणून तयार लोणचें भरतां येईना. लोणचें पिंपांतच राहिलें म्हणून पिंपें रिकामीं होईनात. पिंपें रिकामीं नाहींत म्हणून बोलीनें घेतलेली नवी कैरी मिठांत घालण्यास जागा उरली नाहीं, आणि अखेर ती पडत्या भावानें विकावी लागली. एका झाकणाची किंमत ती काय! पण तेवढ्यापायीं त्या घराचा अर्धा हंगाम गेला.

पत्रलेखकांचे चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर असून कांहीं वर्षें नोकरी करून घरच्या व्यवसायांत परत आले आहेत. त्यांचें म्हणणें असें, "काका, आपल्या सबंध पुरवठ्याचें एक डिजिटल ट्विन करून घेऊं या, म्हणजे असा प्रसंग पुन्हां येणार नाहीं." ट्विन म्हणजे जुळें, हा अर्थ कळल्यावर काका म्हणाले, "अरे, एका वखारीला सांभाळतांना जीव मेटाकुटीस आला. आतां तिचें जुळें कोण सांभाळणार?" पत्रलेखक आम्हांस विचारतात कीं, या दोघांपैकीं आम्ही कोणाचें ऐकावें?

प्रथम शब्दाचा उलगडा करूं. कोणताहि माल आपल्या हातीं येण्यापूर्वीं अनेक हातांतून जातो. शेतकरी, अडत्या, मालमोटार, कारखाना, वखार, घाऊक व्यापारी, दुकानदार आणि शेवटीं आपली कोठीची खोली, अशी ही पुरवठ्याची साखळी आहे. या साखळीचें जें चित्र आपण जवळ बाळगतों तें तीन प्रकारचें असूं शकतें. पहिला प्रकार नकाशाचा. नकाशा एकदां काढला कीं तो तसाच राहतो. रस्ता पुरांत वाहून गेला तरी कागदावर तो कायमच. दुसरा प्रकार आरशाचा. वखारींतून एक पोतें हललें कीं आरशांतील पोतेंहि हलतें. या घटकेस काय आहे तें तो दाखवितो, पण तेवढेंच. तिसरा प्रकार जुळ्याचा. जुळें आरशाप्रमाणेंच खऱ्या वखारीबरोबर हलतें. परंतु आरशास जें विचारतां येत नाहीं तें याला विचारतां येतें. उद्यां घाट बंद झाला तर? झाकणवाल्याकडे आग लागली तर? सणासुदीस मागणी दीडपट झाली तर? खऱ्या वखारीस हात न लावतां हीं संकटें संगणकांतील वखारीवर आणून पाहतां येतात, आणि तेथें जो उपाय टिकतो तो खऱ्या वखारींत योजतां येतो. खरी वस्तु, तिची प्रतिमा आणि दोहोंमध्यें अखंड चालणारी खबरबात, हीं तीन अंगें मिळून डिजिटल ट्विन होतें.

मायकेल ग्रीव्ह्ज यांनीं २००२ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत ही कल्पना यंत्रोत्पादनाच्या संबंधानें मांडली. तिचें हल्लींचें नांव मागाहून नासा संस्थेंतील जॉन व्हिकर्स यांच्यामुळें रूढ झालें. पण कल्पनेचें बीज याहून जुनें आहे. १९७० च्या एप्रिल महिन्यांत अपोलो १३ हें यान चंद्राकडे जात असतां पृथ्वीपासून तीन लक्ष किलोमीटरांहून अधिक अंतरावर त्याची प्राणवायूची एक टांकी फुटली. आंत तीन माणसें, वीज अपुरी, आणि दुरुस्तीस कोणी जाऊं शकेल अशी शक्यताच नाहीं. परंतु त्या यानाच्या हुबेहूब प्रतिकृति सरावासाठीं जमिनीवर ठेवलेल्या होत्या. केन मॅटिंग्ली या अंतराळवीरास जर्मन गोंवराच्या संसर्गाच्या भीतीनें ऐन वेळीं यानांतून वगळलें होतें. तेच आतां, थोडक्या विजेवर बंद पडलेलें यान कोणत्या क्रमानें पुन्हां चालू करावें, हें जमिनीवर ताडून पाहण्याच्या कामांत सामील झाले. जमिनीवर जें साधलें तेंच वर कळविण्यांत आलें, आणि १७ एप्रिल रोजीं तिघेहि सुखरूप परत आले. जुळ्याचा खरा उपयोग यांत दिसून येतो. जेथें एकदां चुकलें तर पुन्हां संधि नाहीं, तेथें चूक प्रतिमेवर करून घ्यावी, हें त्याचें तत्त्व आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, यान आणि लोणच्याची बाटली यांचा संबंध काय? संबंध असा कीं, पुरवठ्याच्या साखळीस एक खोड आहे आणि ती साध्या डोळ्यांस दिसत नाहीं. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विद्यापीठांतील जे फॉरेस्टर यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, गिऱ्हाइकाची मागणी थोडीशी हलली तरी ती दुकानदार, घाऊक व्यापारी, कारखाना अशी एकेक पायरी मागें सरकतांना वाढत जाते. पुढें १९९७ सालीं हाउ ली व त्यांचे सहकारी यांनीं याचें एक घरगुती उदाहरण दिलें. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या अधिकाऱ्यांस असें दिसून आलें कीं, तान्ह्या मुलांचीं लंगोटें दुकानांतून जवळजवळ एकसारख्या बेतानें खपत असतां घाऊक व्यापाऱ्यांच्या मागण्या मात्र भारी वरखालीं होत असत, आणि कंपनी स्वतः कच्च्या मालाची जी मागणी करी ती त्याहूनहि अधिक वरखालीं होई. मुलें कांहीं एका आठवड्यांत दुप्पट लंगोटें भिजवीत नाहींत! दोष त्यांचा नव्हे. पुढच्याचें खरें काय चाललें आहे हें न दिसल्यामुळें प्रत्येकजण अंदाजानें थोडें अधिक मागतो किंवा थोडें हात आंखडतो, आणि त्या अंदाजांची बेरीज होत जाते. चाबकाची मूठ थोडी हलली तरी त्याचें टोंक सपकन् फिरतें, तशांतलाच हा प्रकार. काकांच्या आजारांत झाकणांपासून कैरीपर्यंत जें झालें तें याचेंच सख्खें भावंड होय. एका ठिकाणचें अज्ञान दुसऱ्या ठिकाणीं नुकसान होऊन उभें राहिलें.

दुसरी गोष्ट झाकणाच्या किंमतीची. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत मोठा भूकंप होऊन समुद्र आंत शिरला. त्यावेळीं मोटारींच्या रंगांस एक विशेष झळाळी आणणारें द्रव्य जगांत केवळ एकाच कारखान्यांत तयार होत असे, आणि तो फुकुशिमा प्रांतांत होता. तो बंद पडतांच अमेरिकेंतील फोर्ड कंपनीस आपल्या एका काळ्या व कांहीं तांबड्या छटांच्या गाड्यांची मागणी घेणें थांबवावें लागलें. इंजिन तयार, चाकें तयार. अडलें तें चिमूटभर चकाकीवांचून. पुढें एम्. आय्. टी. मधील डेव्हिड सिम्ची-लेव्ही व त्यांचे सहकारी यांनीं फोर्डच्या पुरवठ्याची अशीच एक प्रतिमा संगणकांत उभी करून, एकेक पुरवठादार बंद पडला असें समजून, काय होतें तें तपासलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष कोणाहि गृहिणीस पटण्यासारखा आहे. एखाद्या पुरवठादारास कंपनी वर्षाला किती पैसा देते, यावरून तो बंद पडल्यास किती नुकसान होईल हें ठरत नाहीं. पुष्कळदां मोठें संकट अगदीं स्वस्त भागांच्या पोटीं दडलेलें असतें. महाग वस्तूवर सर्वांचा डोळा असतो. स्वस्त वस्तु गृहीत धरली जाते. पंक्ति बसल्यावर तूप आहे कीं नाहीं तें दहाजण पाहतात. पत्रावळी मोजलेल्या नसतात.

याच संशोधकांनीं दोन साधीं मापें वापरलीं आहेत, तीं आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावीं. एक सांवरण्याचा काळ: पुरवठा तुटल्यास तो पुन्हां सुरू होण्यास किती दिवस लागतील? दुसरें तग धरण्याचा काळ: तो तुटला तरी आपलें काम किती दिवस चालेल? पहिला दुसऱ्याहून मोठा असेल तर तेथें साखळी कच्ची आहे. आमच्या पत्रलेखकांच्या घरीं झाकणें चार दिवसांपुरतीं होतीं, आणि नवीं येण्यास सोळा दिवस लागले. सोळांतून चार गेले, बारा उरले. तेवढे दिवस भरणी बंद. हें गणित पाटीवरहि सुटतें, त्यास संगणक लागत नाहीं. मात्र जिनसा दोनशें, पुरवठादार साठ आणि रोजची हालचाल निराळी असली म्हणजे पाटी अपुरी पडते. तेथें जुळ्याचें काम लागतें.

येथपर्यंत वाचून चिरंजीवांस आनंद झाला असेल. आतां काकांच्या बाजूनें बोलावयाचें आहे.

टोयोटा कंपनीनें २०११ च्या भूकंपानंतर आपल्या पुरवठादारांची, व त्यांच्याहि पुरवठादारांची, बारकाईनें नोंद करविली आणि इलेक्ट्रॉनिक चिपांचा कांहीं महिन्यांचा सांठा ठेवण्याची पद्धत घालून दिली. २०२१ च्या आरंभीं चिपांच्या टंचाईनें जगांतील इतर मोटार-कारखाने अडले असतां टोयोटाचें काम बरेंच सुरळीत चाललें, तें या दूरदृष्टीमुळें. तरीहि त्याच वर्षीं १९ ऑगस्ट रोजीं, सप्टेंबरचें उत्पादन योजिल्यापेक्षां ४० टक्के कमी करीत असल्याचें त्याच कंपनीस जाहीर करावें लागलें. कारण आग्नेय आशियांत कोविडची साथ पसरून तेथील कारखाने बंद पडले होते. एवढी तयारी होती म्हणून आठ महिने निभावलें. परंतु तयारी म्हणजे अभय नव्हे, हेंहि तितकेंच खरें.

आपल्या महाराष्ट्रांतीलच दोन उदाहरणें घेऊं. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत २०१६ पासून परदेशीं जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरांस रेडिओ-लहरींनीं ओळखतां येणाऱ्या पट्ट्या लावण्यांत येऊं लागल्या, आणि आपली पेटी कोठें पोंचली हें व्यापाऱ्यास घरबसल्या पाहतां येऊं लागलें. ही सोय मोठीच. पण आमच्या वर्गीकरणांत ती आरसा आहे, जुळें नव्हे. पेटी कोठें आहे तें ती सांगते. ती उद्यां अडली तर काय करावें, हें सांगत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं जुळें या नांवाखालीं विकला जाणारा माल वस्तुतः असा आरसाच असतो. चिरंजीवांनीं पैसे मोजण्यापूर्वीं हा भेद विचारून घ्यावा.

दुसरें उदाहरण नाशिकच्या द्राक्षांचें. युरोपांत जाणाऱ्या द्राक्षांसाठीं अपेडा या सरकारी संस्थेनें २००६ सालीं ग्रेपनेट नांवाची व्यवस्था सुरू केली. बागेची नोंद, औषधांच्या अवशेषांची तपासणी, पेटींत भरणी, रवानगी, सर्व कांहीं तींत क्रमवार येतें. युरोपांतील पेटीवरून मागें मागें जात थेट बागेपर्यंत पोंचतां येतें. आपल्या देशांतील शेतमालाच्या नोंदींत हें मोठें पाऊल होतें. असें असूनहि २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अवशेष सांपडल्यावरून आपलीं द्राक्षें युरोपांत अडकलीं व बागाईतदार आणि निर्यातदार दोघेंहि संकटांत आले. वेलाची फाजील वाढ रोखण्यासाठीं तें द्रव्य वापरण्यांत येत असे. नोंद खोटी नव्हती, तपासणीहि झाली होती. परंतु जीं द्रव्यें तपासावयाचीं त्यांच्या यादींतच हें नांव नव्हतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आरसा स्वच्छ होता, पण ज्या कोपऱ्याकडे तो वळविलेलाच नव्हता तेथें काय आहे हें त्यानें कसें दाखवावें? पुढें तें नांव यादींत आलें. पण तो हंगाम परत आला नाहीं.

मयसभेंत दुर्योधनाची जी फजिती झाली, ती सभा खोटी होती म्हणून नव्हे. कोठें पाणी व कोठें जमीन हें पाऊल टाकून पाहण्याऐवजीं त्यानें केवळ डोळ्यांनीं ठरविलें म्हणून. संगणकांतील वखारींत फिरणाऱ्यानें अधूनमधून खऱ्या वखारींत जाऊन पोत्यास हात लावून आलें पाहिजे.

आतां पत्रलेखकांस आमचें मत सांगतों. जुळें करावें, पण तें विकत आणण्याची वस्तु नसून लावून घेण्याची संवय आहे, हें आधीं ओळखावें. पहिलें वर्ष यंत्रास एक पैसाहि न देतां नोंदीस द्यावें. सर्व व्यवसाय एकदम न घेतां एकट्या कैरीच्या लोणच्याचा एक हंगाम घ्यावा. त्यास लागणाऱ्या प्रत्येक जिनसेपुढें, मग ती तेल असो कीं बाटलीवरील कागदाची चिठ्ठी असो, तीन गोष्टी लिहाव्या: कोण देतो, तो न देऊं शकल्यास किती दिवसांनीं मिळेल, आणि घरीं किती दिवसांचें आहे. मग रोज जें आलें-गेलें तें त्याच दिवशीं मांडावें.

आणि हें लिहिणार कोण? येथें आम्ही विशेष आग्रहानें सांगतों. भरणीच्या खोलींत काम करणाऱ्या बायांस झाकणें संपत आल्याचें सर्वांआधीं दिसलें असलें पाहिजे. परंतु संपल्याची बातमी आणणाऱ्यावरच जेथें रागावण्याची रीत असते, तेथें बातमी उशिरां येते किंवा गोड करून येते. आणि गोड केलेल्या बातमीवर वाढलेलें जुळें धन्याची खुशामत करूं लागतें. एक फुटलेली बरणी लपविली गेली कीं संगणकांतील वखारींत ती अखंड उभी राहते, आणि पुढचे सर्व हिशेब तिच्यावर चढतात. म्हणून खरें सांगणाऱ्यास अभय, हा जुळें अंगीकारण्याचा पहिला नियम समजावा.

पुरवठादारांविषयींहि हेंच. झाकणवाला आपल्या घरचा सांठा तुम्हांस कां सांगेल? तुम्ही त्याचा उपयोग भाव पाडण्यासाठीं कराल, अशी भीति त्यास वाटणारच. ज्याचे पैसे वेळेवर पोंचतात, त्यालाच तो खरें सांगतो. चाळीस वर्षांत काकांनीं ही पत मिळविली आहे. ती कोणत्याहि कंपनीकडून विकत मिळणार नाहीं.

राहिले स्वतः काका. त्यांस आमचा नमस्कार सांगावा, आणि एक गोष्ट त्यांच्या वयाचा मान राखून बोलूं द्यावी. वडीलधाऱ्या माणसांस आपलें ज्ञान वहींत उतरवून देतांना मनांतून एक धास्ती वाटत असते. तें उतरलें कीं घरांत आपलें कोण विचारणार? ही धास्ती कोणी बोलून दाखवीत नाहीं, पण आम्हीं ती अनेक घरांत पाहिली आहे, आणि तरुणांनीं तिची टवाळी करूं नये. ज्या दिवशीं संगणक "चैत्राच्या अखेरीस झाकणें मागवा" असें सांगेल, त्या दिवशीं तें काकांचेंच वाक्य असेल. मात्र हेंहि काकांनीं मनाशीं ताडून पाहावें कीं, ते इस्पितळांत असतां घरांतील माणसें केवळ त्यांच्या प्रकृतीची काळजी करण्यास मोकळीं नव्हतीं. निम्मा जीव वखारींत अडकला होता. आपल्यावांचून घर अडतें यांत अभिमान आहे खरा, पण आपण अंथरुणावर असतांनाहि घर नीट चाललें, यांत अधिक समाधान नाहीं काय?

तेव्हां दोघांपैकीं कोणाचें ऐकावें, या प्रश्नाचें उत्तर असें कीं, चिरंजीवांनीं रोज संध्याकाळीं अर्धा तास वही घेऊन काकांजवळ बसावें. काकांनीं सांगावें, त्यांनीं लिहावें, आणि जेथें काका "तें मला ठाऊक आहे" असें म्हणतील तेथें "कसें, तें सांगा" असें नम्रपणें विचारावें. ही वही पुरी झाल्यावर यंत्र घ्यावयाचें कीं नाहीं, किती मोठें व कोणाकडून, हें त्या दोघांनींच ठरवावें. तोंपर्यंत त्यांचें एकमत झालेलें असेल असा आमचा अंदाज आहे.

इतर वाचकांच्या घरीं कारखाना नसेल, पण कोठीची खोली आहे. येत्या रविवारीं घरांतील मुलांनीं आजीपुढें बसून एवढेंच विचारावें कीं, या घरांत अशी कोणती स्वस्त वस्तु आहे, जी संपली तर सबंध दिवस अडेल, आणि ती कोठून येते हें तिच्यावांचून कोणास ठाऊक आहे? जें उत्तर मिळेल तें लिहून ठेवावें. पत्रलेखकांस आमची विनंति आहे कीं, पुढील वैशाख पार पडल्यावर झाकणें वेळेवर आलीं कीं नाहीं, तें आम्हांस अवश्य कळवावें.